पाकिटातला पुठ्ठा

कापड पारखायचं असलं की आमचे अप्पा सदऱ्याच्या खिशातून घडीचं पितळी भिंग काढतात. त्याच्या तळाला एक इंचाची चौकोनी खिडकी असते. ती कापडावर टेकवायची, एक डोळा मिटून वाकायचं आणि इंचात उभे किती नि आडवे किती धागे बसलेत ते मोजायचं. वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. इथं मागांचा खडखडाट चालू असताना माणसं निवांत झोपतात आणि तो बंद पडला की दचकून उठतात. अप्पांनी चाळीस वर्षं त्या भिंगातून फक्त सूत पाहिलं. २०२४ च्या मंगाई देवीच्या यात्रेत त्यांनी त्यातून पहिल्यांदा एक खेळाडू पाहिला.

यात्रेला आत्तेबहीण न्यू जर्सीहून आली होती. तिच्या दहा वर्षांच्या मुलाजवळ बेसबॉलच्या कार्डांचा गठ्ठा होता, प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यातलं एक त्यानं आमच्यापुढं धरलं. चौकट दोन रंगांची, वर एक आणि खाली दुसरा. फोटोवर खेळाडूची छापील सही. पाठ राखाडी, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी. कार्ड त्याच वर्षीचं होतं, पण तोंडवळा १९७५ चा. टॉप्स कंपनीची 'हेरिटेज' नावाची मालिका आहे, ती अशीच जुन्या कार्डांच्या नमुन्यावर नवे खेळाडू छापते.

मी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात माझी लहानपणची मिळकत होती: 'बिग फन' च्युइंगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रं आणि काडेपेट्यांचे छाप. अप्पांनी एकेकावर भिंग ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्यातला रंग सरकलाय बघ. तांबडं इकडं, निळं तिकडं. ह्याच्यातलं सगळं जागच्या जागी हाय. हे जुनं नव्हे बा, जुन्यासारखं हाय."

जुनं आणि जुन्यासारखं यांत नेमकं काय वेगळं असतं, ते शोधत मागं मागं गेलं की वाट तंबाखूच्या वखारीत जाऊन पोचते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही सिगारेट हातानंच वळत. व्हर्जिनियातल्या रिचमंड गावच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं ती वळणारं यंत्र बनवणाऱ्याला ७५,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणानं १८८० च्या सुमारास तसं यंत्र बनवलं. ॲलन अँड गिंटरनं ते पाहिलं आणि नाकारलं. जेम्स ड्यूक या दुसऱ्या कारखानदारानं ते उचललं, आणि १८९० मध्ये त्यानं ॲलन अँड गिंटरसकट मोठ्या कंपन्यांची मोट बांधून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली.

यंत्रातून सिगारेटींचा पूर आला तरी पाकीट मात्र पातळ कागदाचं होतं. खिशात ते चुरगळायचं आणि आतल्या सिगारेटी मोडायच्या. म्हणून पाकिटात एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत. कोरा पुठ्ठा घालायचा त्याऐवजी त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढच्या पाकिटासाठी परत येईल, हा विचार नंतरचा. नट्या, झेंडे, पक्षी, असं सगळं त्यावर आलं. १८८७ मध्ये ॲलन अँड गिंटरनं जगज्जेत्यांची एक मालिका काढली. तिच्यात बेसबॉलपटूंच्या जोडीला मुष्टियोद्धे होते, पैलवान होते आणि नेमबाज ॲनी ओकलीसुद्धा होती. बेसबॉलच्या कार्डाचं घराणं अशा पाकिटांतून रुजलं. त्याचं पहिलं काम पाकीट ताठ ठेवण्याचं होतं, आणि तंबाखू संपली की पाकिटाबरोबर उकिरड्यावर जाण्याचं होतं.

साता समुद्रापलीकडचा हा पुठ्ठा आपल्या बाजूलाही आला. ब्रिटनमध्ये ऑग्डन्स कंपनीच्या 'गिनी गोल्ड' सिगारेटच्या कार्डांवर आपले रणजितसिंहजी होते. विल्स कंपनीची 'सिझर्स' सिगारेट हिंदुस्थानात खपायची. तिच्या पाकिटांत १९१० च्या आसपास हिंदी पलटणींची चित्रं आली. गोऱ्या सोल्जरच्या खिशातून छावणीतल्या पोराच्या हातात गेलेली अशी कार्डं बेळगावसारख्या लष्करी गावांत किती आली असतील, आणि किती चुलीत गेली असतील!

विडीला मात्र पुठ्ठा लागला नाही. विडी हातानं वळायची, तेंदूच्या पानात, आणि दोऱ्यानं बांधून तिचा कट्टा करायचा. कट्टा स्वतःच ताठ. त्यामुळं आपल्याकडं चित्र पाकिटाच्या आत न जाता बाहेर आलं, कट्ट्याभोवती गुंडाळलेल्या लेबलावर. ज्याला अक्षर येत नाही त्यानंही दुकानात 'तो छाप द्या' म्हणावं, यासाठी ते चित्र होतं. वाघ, मोर, पोपट, देव, राजा, आकडा. आमच्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर निपाणी. तिथल्या पेठेतली तंबाखू कुठल्या कुठल्या छापाखाली गेली, त्याची मोजदाद करता येणार नाही.

निपाणीचं नाव घेतलं की चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेली माणसं आठवतात. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी त्याच काळात संघटना उभारली. युगांतर या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. नाकातोंडाला पदर बांधून धुळीत उभ्या असलेल्या त्या बायका कुठल्याच छापावर आल्या नाहीत. तंबाखूच्या पाकिटावर जगभरचे खेळाडू आले, राजे आले, नट्या आल्या, आणि तंबाखूत राबणारे हात तेवढे यायचे राहिले.

पाकिटावर येणं हा मान की अपमान, हा वाद मात्र दोन्हीकडं झाला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं पाचशेवर कार्डांचा मोठा संच काढला. संग्राहक त्याला 'टी-२०६' म्हणतात. त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लगेच थांबली. कुणी म्हणतं, आपल्या चित्रासाठी पोरं तंबाखू विकत घेतील हे त्याला नको होतं. कुणी म्हणतं, पैशांवरून बिनसलं. कारण काहीही असो, त्याची जेमतेम पन्नास-साठ कार्डं आज ठाऊक आहेत, आणि बेसबॉलच्या कार्डांत त्याच्याइतका दबदबा दुसऱ्या कुणाचा नाही. महाराष्ट्रात हाच प्रश्न विडीच्या बाबतीत उभा राहिला. संभाजी महाराजांचं नाव विडीला नको म्हणून आंदोलनं झाली आणि २०२१ मध्ये पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीनं 'संभाजी विडी' हे नाव सोडून दिलं. तेव्हापासून ते लेबल छापायचं बंद झालं. म्हणजे काल कट्ट्यावरून फाडून फेकलेला कागद आज जुन्या वस्तूंत जमा झाला.

आम्हा पोरांच्या हाती विडीपेक्षा काडेपेट्यांचे छाप जास्त आले. १९२३ हे साल त्या छापांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. त्या वर्षी स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना अंबरनाथला. त्याच वर्षी तिकडं शिवकाशीत काडेपेट्यांचा घरगुती धंदा सुरू झाला. विमकोचा घोडा आणि जहाज सगळीकडं दिसायचं. शिवकाशीच्या शेकडो छोट्या कारखान्यांनी मात्र इतके छाप काढले की दर महिन्याला नवीन एखादा सापडायचा.

आमच्या गल्लीत त्यांचा खेळ होता. खडूनं गोल आखायचा, प्रत्येकानं आपले छाप मध्ये ठेवायचे, लांबून चपटा दगड फेकायचा. गोलाबाहेर गेला तो छाप आपला. घोडा चहाच्या टपरीखाली ढिगानं मिळायचा, म्हणून त्याला किंमत नाही. परगावच्या पाहुण्याच्या खिशातून आलेल्या पेटीचा छाप वीस घोड्यांच्या बरोबरीचा. हा भाव ठरवायला कुणी दलाल बसला नव्हता. सकाळी ठरायचा, संध्याकाळी पडायचा. छाप हरला की गेला. दगड लागून फाटला तर जवसाच्या खळीनं चिकटवायचा आणि पुन्हा डावावर लावायचा.

अमेरिकेत तोवर तंबाखूची जागा च्युइंगमनं घेतली होती. १९३३ मध्ये गाउडी कंपनीनं गमबरोबर २४० कार्डांचा संच काढला. त्यातला १०६ क्रमांक त्या वर्षी छापलाच नाही, म्हणजे पोरांनी तो मिळेल या आशेनं गम घेत राहावं. तक्रारी आल्यावर पुढच्या वर्षी त्या क्रमांकाचं कार्ड काढलं आणि मागणाऱ्यांना पाठवलं. आमच्याकडं 'बिग फन'च्या चित्रांवर धावा आणि बळी असत. ते जमवून बक्षीस मिळवायचं. एकेका चित्रासाठी जीव टाकणाऱ्या पोरांची पक्की खात्री असायची की 'ते' चित्र कंपनीनं काढलंच नाही. गाउडीची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, आमची शंका अगदीच वेडी नव्हती.

आज कार्ड म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो आराखडा टॉप्स कंपनीच्या सी बर्गरनं १९५२ च्या संचासाठी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केला. मोठं कार्ड, रंगवलेला फोटो, खाली सही, संघाचं चिन्ह आणि पाठीवर आकडे. त्या संचाचा शेवटचा भाग हंगाम संपत आल्यावर बाजारात आला. तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडं वळलं होतं. माल पडून राहिला. बर्गरनं तो जत्रांतल्या दुकानदारांना मिळेल त्या भावानं देऊ केला, तरी उचलला जाईना. अखेर १९६० मध्ये त्यानं ती खोकी पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडं अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच भागात मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम राहिलेली प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. रुपयांत म्हणाल तर त्या वेळचे साधारण शंभर कोटी. भाच्याच्या घरापासून काही मैलांवरच्या समुद्रतळाशी त्याची भावंडं कुजून गेली, आणि उरलेल्याचा भाव त्यामुळं वाढला.

ही कार्डं जपायची असतात, हे सगळ्यांच्या आधी ज्याच्या लक्षात आलं तो माणूस श्रीमंत नव्हता. जेफरसन बर्डिक सिराक्यूज गावात विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा. संधिवातानं त्याचे हात वाकडे झाले होते. लोक फेकतात त्या छापील कागदांचं त्यानं वर्गीकरण केलं आणि १९३९ च्या सुमारास अमेरिकन कार्डांची सूची छापली. 'टी-२०६' हे नाव तिच्यातलं: टी म्हणजे विसाव्या शतकातल्या तंबाखूचं कार्ड. आपला तीन लाखांवरचा संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि शेवटची वर्षं तिथं बसून एकेक कार्ड वहीत चिकटवलं. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये तो वारला. त्यानं ती डिंकानं चिकटवली, हे आजच्या दलालाला सांगितलं तर त्याला घाम फुटेल.

कारण बर्डिकनंतरच्या पिढीत पैसा आला. वॅग्नरचं सगळ्यांत नावाजलेलं कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पुढं ते प्लास्टिकच्या बंद पेटीत जाऊन दर्जाचा आकडा घेऊन बसलं. त्याच्या कडा इतक्या धारदार कशा, ही कुजबुज चालूच होती. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं न्यायालयात कबूल केलं की कडा आपण कापल्या होत्या. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. साडीचा काठ कापून विकली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.

भाव वाढले तसे लोक शहाणे झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरोघरी न उघडलेली खोकी माळ्यावर जाऊ लागली. मुलाच्या शिक्षणाची सोय म्हणून बापांनी ती ठेवली. कंपन्यांनीही कोट्यवधींनी छापली. ती सगळी आज आहेत, सगळी चांगल्या स्थितीत आहेत, आणि म्हणूनच बहुतेकांना किंमत नाही. सगळ्यांनी जपलं तर दुर्मीळ काय राहणार?

हेरिटेज मालिका या पडझडीनंतर, २००१ मध्ये आली. पहिल्या वर्षी १९५२ चा आराखडा, दुसऱ्या वर्षी १९५३ चा, असं एकेक वर्ष पुढं सरकत २०२४ ला १९७५ चा. २००६ पासून टॉप्सनं ॲलन अँड गिंटर हे नावही पुन्हा काढलं. आतली तंबाखू केव्हाच गेली, पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सिगारेट कंपनीचं नाव आज मुलांच्या कार्डांवर दिमाखात छापलेलं असतं. वॅग्नरनं खरोखरच तंबाखूवरून हरकत घेतली असेल, तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

जुनं आणि जुन्यासारखं ओळखायच्या खुणा अप्पांच्या भिंगाच्या आवाक्यातल्या आहेत. टी-२०६ च्या काळी दगडावरून छपाई व्हायची. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, ठिपके हातानं टिपलेले, बाह्यरेषा सलग काळी. आजच्या प्रतीत चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची फुलं दिसतात, आणि काळी रेषाही जवळून पाहिली तर ठिपक्यांत फुटते. दुसरी खूण कागदाची. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात झळाळी आणणारी रसायनं घालू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो, जुना मंद राहतो. तिसरी खूण बाजाराची. नव्या मालिकेत कोणतं कार्ड कमी छापायचं ते आधीच ठरतं. काहींवर 'इतक्यांपैकी हे इतकं' असा क्रमांक असतो, काहींत खेळाडूच्या सदऱ्याचा तुकडा बसवलेला असतो. वॅग्नरची टंचाई भांडणातून आली, मँटलची समुद्रातून. इथं ती छापखान्यातूनच बांधून येते.

जुनं पुन्हा करण्याचा आणखी एक मार्ग आमच्या शेजारीच आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथला गंजिफा म्हणजे गोल पत्ता, हातानं रंगवून लाखेचा हात दिलेला. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पानं, मिळून १२० पत्ते. ही कला विझत आली होती तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात चिताऱ्यांना बसवलं. रंग, कुंचला, हात सगळं परंपरेतलं. तरी त्या पत्त्यांनी आज खेळणारी माणसं शोधावी लागतात. लोक ते चौकटीत घालून भिंतीला लावतात. हेरिटेजवाल्यांनी रूप घेतलं आणि हात सोडला. सावंतवाडीनं हात वाचवला, पण डाव मोडला तो मोडलाच.

आमच्या वडगावातही हा हिशेब रोजचा आहे. यंत्रमागावरची इरकली हातमागावरच्या इरकलीसारखी दिसते, आणि कमी भावात मिळते म्हणून चार बायका जास्त नेसतात. त्यात फसवणूक नाही. दुकानदार खरं सांगत असला म्हणजे झालं. भाच्याचं कार्डही खोटं नव्हतंच. त्याच्या पाठीवर त्याचं साल स्पष्ट छापलेलं होतं. मला त्यात एकच उणीव दिसत होती. माझ्या डब्यातल्या प्रत्येक कागदाला कुणीतरी टाकलं होतं, कुणीतरी उचललं होतं, कुणीतरी जिंकलं होतं. एका छापाच्या कोपऱ्याला अजून जवसाच्या खळीचा डाग आहे. भाच्याचं कार्ड पाकिटातून निघालं ते थेट प्लास्टिकच्या पिशवीत गेलं होतं. त्याला कुणी हरलं नव्हतं.

यात्रेच्या दुपारी पावसानं उघडीप दिली. मी भाच्याला छापांचा डाव सांगितला. शेजारची दोन पोरं आली. अंगणात ओल होती म्हणून कट्ट्याच्या फरशीवर गोल आखला. माझे छाप मध्ये ठेवले, तर शेजारचा पोरगा म्हणाला, "त्याचंबी लावू दे की." भाच्यानं आईकडं पाहिलं. ती आत पुरणात गुंतली होती. त्यानं पाच कार्डं पिशवीतून काढली आणि गोलात मांडली. दगड फरशीवर खरडत गेला तेव्हा तो डोळे मिटून उभा होता.

अर्ध्या तासात त्यानं माझे नऊ छाप जिंकले आणि आपली दोन कार्डं घालवली. त्यातलं एक ते दोन रंगांच्या चौकटीचं, १९७५ सारखं. शेजारच्या पोरानं ते उलटसुलट करून पाहिलं, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि जत्रेतल्या पाळण्यांकडं पळाला. पाऊस पुन्हा सुरू झाला होता.